वाढली की फुटली

खळ्कन आवाज झाला आणि दवाखान्यातली शांतता मोडली. माझ्या शेजारी बसलेल्या आजींची बांगडी बाकाच्या कडेवर आपटली होती.

"वाढनी वो माय बांगडी!"

समोर संगणकापाशी बसलेला माणूस शेजारी टाइप करणाऱ्या मुलीला म्हणाला, "ऐकलंस मोहिनी? आजी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. तूही जरा गोड लिही. 'नोंदी कायमच्या नष्ट होतात' हे काढ, 'यादी साफ होते' असं कर. डॉक्टर घाबरतील."

"हितेंद्रभाऊ, हे डॉक्टरांसाठी नाहीच. एआयच्या हातात आपण पेशंटच्या नोंदी पुसायचं बटण देतोय. ते दाबण्याआधी त्यानं वाचायची सूचना आहे ही."

"मग काय झालं?"

"त्याला आपलं गोड बोलणं कळत नाही. परवा चाचणीत 'साफ' वाचून त्यानं चाळीस बाळांच्या लसीच्या नोंदी उडवल्या. बाळं खोटी होती म्हणून निभावलं. सोमवारपासून खरी असतील."

"साहेबांनीच सांगितलंय बदलायला."

"मग साहेबांना सांगा, मोहिनी बदलत नाही. 'पुसलेलं परत येत नाही, आधी माणसाला विचार.' हे राहील, नाहीतर माझं नाव काढा त्यावरून."

"फार तोंड सुटलंय तुला."

"बराबर बोलनी पोर! मशीनले सांग, फुटनी म्हंजे फुटनी."

लसीचं कार्ड छातीशी धरून बसलेली माझी पाच वर्षांची भाविका माझ्याकडे वळली.

"आई, हार घातलेल्या फोटोतले आबा गावाला गेलेत म्हणालीस ना? मग ते परत येणार ना?"