तोंड तेच, पोट वेगळं

नाही, मला एक सांगा, चांगली चालणारी वायर बदलायचीच कशाला? तिने काय घोडं मारलंय? पण नाही! दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी काढतात, दहापट वेग, वीसपट वेग... अहो, जायचंय कुठे एवढ्या घाईने? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं घरी बसून लोकांच्या फिल्मा कापतो, जोडतो. एका डिस्कवरून दुसरीवर जायला चार तास लागतात? लागू देत की! जुन्या वायरींचा माझा अख्खा खण आहे, एकही टाकवत नाही. बायको म्हणते, "हा खण नव्हे, वारूळ आहे!"

बायको म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांची शिक्षिका. खुणांच्या भाषेतले बारा वर्षांचे धडे, तिने कॅमेऱ्यासमोर केले, मी जोडले. एका लांबच्या शाळेला ते हवे होते. चाळीस मुलं, आणि खुणा शिकवणारं माणूस एकही नाही! तिथल्या मोठ्या बाई स्वतः न्यायला येणार, बाराच्या गाडीने परत जाणार. बायको म्हणाली, "आता तरी नवी डिस्क आणि नवी वायर आणा. कॉम्प्युटरला ते वेगवान भोक आहेच, वर्षभर वाट बघतंय बिचारं!"

गेलो. दुकानदाराने दोन वायरी नाकासमोर धरल्या. "काका, फरक दिसतो?" "नाही." "दिसणारच नाही! तोंड तेच, पोट वेगळं! ही फोन चार्ज करायची, ही डोंगर वाहायची. मिसळू नका हं." मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि नवी डिस्क अन् दोन्ही वायरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई हजर. मी ऐटीत वायर खुपसली, बटण दाबलं, आणि पडद्यावर काय यावं? ‘पाच तास बाकी’! पाच! बाई घड्याळाकडे बघतायत, बायको माझ्याकडे, मी भिंतीकडे... पण तोंड गप्प बसतंय? "बघितलंस? नुसता डामडौल! नवी म्हणे! याच्यापेक्षा माझं वारूळ बरं!" बाई हळूच म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." आणि बायकोचा चेहरा असा काही उतरला... खरं सांगतो, मला बघवेना.

तेवढ्यात आतल्या खोलीत तिचा फोन वाजला. ती गेली, आणि तिथूनच ओरडली, "अहोऽऽ! माझ्या फोनला ही कुठली नवी वायर लावलीत?"

झालं! सकाळी घाईघाईत मीच लावली होती. डोंगर वाहणारी वायर फोनची सेवा करतेय, आणि फोनची वायर बारा वर्षांचे धडे ओढतेय! तोंड तेच, पोट वेगळं!

बदलली. अठरा मिनिटं, मोजून अठरा! बाईंनी पहिला धडा लावून बघितला. पडद्यावर बारा वर्षांपूर्वीची माझी बायको दोन्ही हातांचं छप्पर करून ‘घर’ म्हणतेय, आणि समोर बाईंचे हात आपोआप छप्पर करतायत. "आता चाळीस मुलं आयांशी बोलतील," म्हणाल्या, आणि गाडी गाठायला धावल्या. बायको रडत होती, मी... मी चष्मा पुसत होतो.

म्हणून सांगतो, नवं घ्यावं का? घ्या, डोळे मिटून घ्या! फक्त वायरीला लाल दोरा बांधा.

माझं काय झालं म्हणता? अहो, पूर्वी जेवण झालं की मी फाइल लावायचो, "काम चाललंय, आवाज नको" म्हणायचो आणि चार तास आडवा! काल तशीच लावली, उशी थोपटली, डोळा लागतोय न लागतोय तोच, टिंग! झालं काम! दारात बायको, हातात रिकामी पिशवी. "झालं ना? चला बाजारात. तरीच म्हटलं, नव्या वायरीला एवढा विरोध कशाला! ओठात ‘जुनं ते सोनं’, आणि पोटात दुपारची झोप!"

तोंड तेच, पोट वेगळं... आण ती पिशवी.