बाबांची हातोडी

जुनी स्पोर्ट्स कार घेतोयस ना, मग इंजिन बघ, कागदपत्रं बघ, पण माझ्या बाबांनी काय केलं होतं तेही ऐक.

बाबा रेल्वेत होते. जयपूरला गाडी आली की हातोडीनं एकेक चाक ठोकायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हेच त्यांचं जन्मभराचं काम. जयपूरमधल्याच खातीपुऱ्यात मी लाल, दोन दारांची गाडी बघायला गेलो, तर हे पिशवीत हातोडी घेऊन हजर. दारापासून त्यांनी लाकडी दांड्यानं हलकेच ठोकायला सुरुवात केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक हसला. "अंकलजी, ये मालगाड़ी नहीं है."

मागच्या चाकावरच्या पत्र्याचा आवाज एकदम बसका झाला.

"यहाँ पुट्टी भरी है, भैया. कब ठुकी थी?" बाबांनी विचारलं.

म्हणजे अपघातात चेपलेला पत्रा पुट्टी भरून लपवला होता. मी निघालोच होतो. बाबांनी वाकून खालचा सांगाडा ठोकला, तो खणखणीत वाजला.

"घे," ते म्हणाले. "खोट कुठे आहे ते आता कळलंय."

बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेवढी जागा मी अजून कुणाला दुरुस्त करू दिलेली नाही. गाडी धुताना तिथं एकदा बोटानं ठोकतो.