महापालक वज्रसेनांची मुदतवाढ

आजच्या सभेचे अध्यक्ष, ज्यांच्या दालमिलच्या आधारावर आपल्या वाचनालयाचं छप्पर टिकून आहे ते आदरणीय भैयाजी. व्यासपीठावर विराजमान असलेल्या महिला मंडळाच्या कुसुमताई. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांचे चंपतराव सोनकुसरे सर. सरांना इतकी वर्षं आम्हाला उसने देणाऱ्या सौ. इंदुताई; नरखेडहून एसटीत उभ्याने आलेले बागायतदार ओमप्रकाशजी; आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, जागृती वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी, रामाजी धकाते, साड्यांचा दुकानदार, आपल्या सर्वांना मनापासून नमस्कार करतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पाच मिनिटे’ असं लिहिलं आहे. ती पत्रिका मीच लिहिली, तेव्हा त्या पाच मिनिटांवर किती विश्वास ठेवायचा ते मला ठाऊक आहे. चहाचं आधण अजून ठेवलेलं नाही. निवांत बसा.

सर गेल्या महिन्यात शाळेतून निवृत्त झाले आणि उद्याच्या गाडीने मुलाकडे भिलाईला कायमचे निघाले. शाळेने इतिहासाचे शिक्षक म्हणून त्यांचा सत्कार केला, चांगलं केलं. पण आपण आज त्यांचा सत्कार करतो आहोत तो धवलपूर या ग्रहाचे एकमेव इतिहासकार म्हणून. असा दुसरा माणूस दिल्लीत नाही, मुंबईत नाही आणि पुण्यात तर नाहीच नाही.

नव्या सभासदांना प्रश्न पडला असेल, की हे धवलपूर कुठे आलं? वर्ध्याच्या पलीकडे काय? नाही हो. वर. आकाशात.

त्याचं असं झालं. अडुसष्ट सालच्या व्याख्यानमालेत आम्ही ‘वेगळा विदर्भ की संयुक्त महाराष्ट्र?’ असा परिसंवाद ठेवला होता. परिसंवाद कसला, दुसराच वक्ता उभा राहिला आणि पाण्याचा तांब्या अध्यक्षांच्या डोक्यावर पडला. सरांच्या समोर आत्ता ठेवलाय ना, पोचा आलेला, तोच तांब्या. मग कार्यकारिणीने ठराव केला, की यापुढे या सभागृहात पृथ्वीवरच्या कोणत्याही देशाचं, राज्याचं वा पक्षाचं राजकारण बोललं जाणार नाही. आम्हाला वाटलं, आता इतिहासाचे सर रागावणार. सरांनी ठराव दोनदा वाचला आणि म्हणाले, “पृथ्वीवरचं नको ना? बरं.”

पुढच्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे लोक वर पाहण्याच्या मनःस्थितीत होतेच. सर आले ते काखेत एक गुंडाळी घेऊन. शाळेतला जुन्या मध्यप्रांताचा नकाशा. प्रांतच राहिला नाही तर नकाशा काय कामाचा? सरांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या कापडावर धवलपूर काढलं. तिथे मोकळ्यावर हवा नाही. माणसांनी काचेचे दोन मोठे घुमट बांधले आणि त्यात वस्ती केली. उत्तर घुमटात राज्य करणारे महापालक वज्रसेन आणि त्यांचे अधिकारी. पूर्व घुमटात कष्ट करणारे. सगळ्यांच्या खाण्याचं शेवाळं पिकवायचं पूर्व घुमटाने, आणि हवेची चावी ठेवायची महापालकांनी. आपल्याकडे जसं रॉकेलचं कार्ड, तसं तिथे हवेचं कार्ड.

सरांनी इतकं सांगितलं मात्र, आपलं अख्खं सभागृह पूर्व घुमटात राहायला गेलं! “पिकवायचं आम्ही अन् खायचं त्यायनं?” असं कोणीतरी मागून ओरडलं. ओमप्रकाशजी उठले आणि त्यांनी विचारलं, “सर, शेवाळाले भाव काय भेटते तिथं?” सर म्हणाले, “महापालक देतील तो.” “मंग आमच्यासारखंच हाय,” म्हणून ओमप्रकाशजी खाली बसले. राजकारण नको म्हणून जो ठराव केला होता, तो अर्ध्या तासात कामातून गेला.

आणि त्याच पहिल्या व्याख्यानात गोपिका आली. भगिनींना वेगळं सांगायला नको. महापालकांच्या भाषणात पूर्व घुमटातल्या एका गल्लीतलं कोणीतरी हसलं. महापालकांनी त्या गल्लीची हवा बंद केली. गोपिका ही हवेच्या पंपावर काम करणारी बाई. तिने रात्रपाळीत हळूच झडप उघडली आणि गल्ली वाचवली. सकाळी तिला कोठडीत टाकलं. सरांनी हे असं सांगितलं, की कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. तेव्हापासून दर वर्षी व्याख्यान संपलं की एकच प्रश्न असतो. गोपिका सुटली काय हो?

नाही सुटली. दर वर्षी नाही.

आता इथे धवलपूरच्या राज्यघटनेतलं एक कलम सांगणं भाग आहे. महापालक स्वतःला हुकूमशहा म्हणवत नसत. छे, छे! ते दर वर्षी प्रजेला विचारत. म्हणून सरही व्याख्यानाच्या शेवटी आपल्यालाच धवलपूरची प्रजा मानत, महापालकांचं त्या वर्षीचं आश्वासन वाचून दाखवत आणि म्हणत, “मुदतवाढ द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.” आपल्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर करतो तसंच. गंमत होती ती.

पहिल्या वर्षी महापालकांनी आश्वासन दिलं, की दर हिवाळ्यात सगळं सरकार पूर्व घुमटात येऊन अधिवेशन भरवेल. अहाहा! प्रांत मोडला तशी आपल्या शहराची राजधानी गेलेली, मुंबईचं सरकार हिवाळ्यात इथे येतं त्या अधिवेशनाच्या चार दिवसांवर वर्षभर जगणारी आपण माणसं. काय टाळ्या, काय हात! दुसऱ्या वर्षी वेगळ्या घुमटाचं आश्वासन. हात. मग एका वर्षी ओमप्रकाशजींच्या आग्रहावरून महापालकांनी पूर्व घुमटात संत्र्याची कलमं लावायचं कबूल केलं. ओमप्रकाशजींनी तर स्वतःचा वर करून शेजाऱ्याचाही हात धरून वर केला. आणि ती दोन वर्षं आठवतात ना, सगळ्या देशानेच तोंडावर बोट ठेवलं होतं ती? तेव्हा साध्या कपड्यातले एक साहेब तिसऱ्या ओळीत बसून लिहून घेत होते. त्यांनी सरांना दरडावून विचारलं, “हा महापालक म्हणजे नेमका कोण?” सर म्हणाले, “वज्रसेन.” साहेबांनी तेही लिहून घेतलं. मुदतवाढीच्या वेळी लोकांनी साहेबांकडे पाहिलं आणि दोन-दोन हात वर केले. साहेबांनीही केला. काय करणार बिचारे, एकटेच खाली हात ठेवून कसे बसतील?

सर दर वेळी हात मोजत नसत, नुसते पाहत. मग खडू ठेवून म्हणत, “मुदतवाढ मंजूर.” आणि चष्मा पुसत घरी जात.

पण गोपिकेसाठी आपण काही केलं नाही असं कोणी म्हणू नये. आपण मोर्चा काढला! अठ्ठ्याहत्तरच्या अधिवेशनात, कुसुमताईंच्या नेतृत्वाखाली. पुढे शिक्षकांचा मोर्चा, मागे दूधवाल्यांचा, मधे आपण. ‘गोपिकेची सुटका झालीच पाहिजे!’ शिपायाने विचारलं, “बाई कोणत्या जेलात हाय?” कुसुमताई म्हणाल्या, “पूर्व घुमटात.” तो म्हणाला, “मंग ते पुण्याकडं असन,” आणि त्याने दोरी वर केली. एक उपमंत्री बाहेर आले. कोणते ते सांगत नाही, त्यांनाही आठवत नसेल. त्यांनी निवेदन घेतलं, न वाचता कपाळाला लावलं आणि म्हणाले, “गोपिकाताईंच्या प्रश्नाकडे सरकार सहानुभूतीने पाहत आहे.” आपण परत येताना तर्री-पोहे खाल्ले आणि मोर्चा यशस्वी झाल्याचा ठराव मांडला. हसा, हसा. मीच सूचक होतो.

मंडळी, आता जरा थांबा. गेल्या आठवड्यात मी या समारंभाचं आमंत्रण द्यायला नंदनवन वस्तीत सरांच्या घरी गेलो. सामान बांधून झालेलं. इंदुताईंनी चहा दिला. मी म्हटलं, “सर, तुमी आता जाऊन राहिले. गोष्ट अर्धीच राहिली ना. जाता जाता गोपिकेले सोडा.”

सर म्हणाले, “मी कोण सोडणारा?”

“बाप्पा! ग्रह तुमचा, कोठडी तुमची, बाई तुमची...”

“रामाजी,” सर म्हणाले, “मी कधी हात वर केला काय?”

मी एकेक वर्ष आठवून पाहिलं. इंदुताई आतून म्हणाल्या, “दर वर्षी घरी येऊन जेवत नव्हते हे. म्हणायचे, आजही नाही सुटली वं ते.”

खरं सांगतो, तेव्हा कुठे मला उमगलं. इतकी वर्षं आपण याच सतरंजीवर बसून ज्या बाईसाठी रडलो, तिला याच सतरंजीवर बसून, हात वर करून, कोठडीत ठेवलं. अन् मोर्चा नेला कुठं, तर उपमंत्र्याकडे! मला सरांचा रागच आला. मी म्हटलं, “मंग तवाच काहून नाही सांगितलं?” सर म्हणाले, “सांगून खाली केलेला हात काय कामाचा गा? तो तर माहा हुकूम झाला.” मी विचारलं, “मंग आता काहून सांगता?” म्हणाले, “आता जाऊन राहिलो म्हणून. माह्यानं राहवत नाही.”

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. “या वर्षीचं मत तूच घे. महापालकांचं आश्वासन सांगून ठेवतो.” आणि ते सांगितलं. मी म्हटलं, “सर, हे लय कठीण केलं तुमी.” ते हसले. पहा, आत्ताही हसून राहिले.

तेव्हा भाषण थोडं बाजूला ठेवतो. नकाशा मागे टांगलेला आहेच. धवलपूरच्या प्रजाजनहो, महापालक वज्रसेन या वर्षी आपल्याला असं वचन देतात, की राजधानी पूर्व घुमटात परत येईल. चार दिवसांची नव्हे, हिवाळ्यापुरती नव्हे. बाराही महिने. सचिवालय इथे, मंत्र्यांचे बंगले इथे, आपल्या पोरांच्या नोकऱ्या इथे. सही-शिक्क्यानिशी.

बघा, सगळे एकमेकांच्या हातांकडे पाहायला लागले! माझाही हात शिवशिवतोय. माझा मोठा मुलगा नोकरीसाठी मुंबईला जाऊन बसलाय. त्याची आई दर रविवारी रडते. मला का राजधानी नको आहे?

असो. महापालक वज्रसेन यांना मुदतवाढ द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.

ओमप्रकाशजी? नाही? दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आहेत. शाबास. कुसुमताईंनी हात पदरात गुंडाळले. त्या खांबाजवळ कोण आहे? हां, तुम्ही नुसतेच टेकलात. भैयाजी... भैयाजी, आपला हात अर्ध्यावर आलेला दिसतो. आपण अध्यक्ष आहात, जुन्या राजधानीच्या काळात आपल्या मिलची डाळ थेट सरकारी वसतिगृहात जात होती, हे मी जाणतो. काय म्हणता? टोपी सारखी करायची होती? करा, सावकाश करा. सारखी झाली? आता हात खाली. आभारी आहे.

एकही हात नाही. मंडळी, एकही नाही!

सर, आपण उठू नका, शाल खाली पडेल, अजून आभार बाकी आहेत... उठलेच. बरं, बोला. काय? मागच्यांना ऐकू येत नाही, मी सांगतो. सर म्हणतात, “मुदतवाढ नामंजूर.” पुढे? सर, जरा मोठ्याने. “पंपावरच्या बायका कोठडीचं दार उघडायला गेल्या.” अहो कुसुमताई, आता काहून रडता? सुटली ना वं बाई! रडा, रडा. मलाही कोरडा रुमाल द्या कोणीतरी.

तर या प्रसंगी अध्यक्षांचे, त्यांच्या टोपीसकट, आभार मानतो. दूरवरून आलेल्यांचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आणि ज्यांच्या घरी आज सर नक्की पोटभर जेवतील त्या इंदुताईंचे आभार मानतो. सर, आपण भिलाईला सुखरूप पोहोचा. नकाशा मात्र आम्ही देणार नाही, तो इथेच राहील. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची थट्टा अधिक झाली असेल, तर ते आपण मनावर घेणार नाही, इतकी वर्षं घेतलं नाहीच.

क्षमा फक्त एकीची मागायची आहे. गोपिकाबाई, आमचे हात खाली राहायला फार उशीर झाला. तेवढं पोटात घाला.