इरली, डुकरं आणि दोन लायब्ऱ्या

आमच्या काकीसमोर कॉम्प्युटरचं कौतुक करायचं नाही, हे मी गुंद गावच्या आमच्या भातशेतात शिकलो.

झालं काय, रानडुकरं शेतात शिरली की भोंगा वाजावा, असं काहीतरी मला बनवायचं होतं. त्यासाठी फुकटात मिळणाऱ्या दोन लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रामात वापरायचे तयार कोड, घेतल्या. एक चित्रं ओळखायलाच बनवलेली. दुसरी नुसती आकडेमोड करणारी, तिच्यावर ओळखायचं गणित मी स्वतः रचलं. दोघींना डुकरांचे आणि माणसांचे सारखेच फोटो दाखवून शिकवलं, आणि शेतातल्या राखणीच्या माळ्यावर कॅमेरा बसवला. खाली मी लॅपटॉप घेऊन बसलो. तो भिजू नये म्हणून काका छत्री धरून शेजारी उभे.

समोर लावणी चालली होती. काकी आणि चार बायका, पावसासाठी डोक्यापासून पाठीवर पानांची इरली, सगळ्या वाकलेल्या.

पहिलीनं झटक्यात सांगितलं, पाच डुकरं. भोंगा सुरू!

दुसरीनं बराच वेळ घेतला. पाच डुकरं, एक माणूस.

मी ओरडलो, "काकी, हीच बरी! हिला एक तरी माणूस दिसला!"

काकी हात पुसत आली. "बगू कोन त्यो."

स्क्रीनवर ‘माणूस’ अशी चौकट होती बुजगावण्याभोवती.

"म्हंजे चिखलात राबतोय त्या आमी डुकरं, आन नुस्तं हुबं हाय त्ये माणूस व्हय रं?"

"चुकलंय काकी. दुरुस्त करतो."

"करू नगो. बरोबर हाय त्ये," म्हणत तिनं काकांकडं बघितलं.

काकांनी छत्री माझ्या हातात दिली आणि लुंगी खोचून चिखलात उतरले. इरलं मागायलासुद्धा थांबले नाहीत.