जळजळ

डॉक्टर: दुसरा कार्डिओग्रामही चांगला आलाय. रक्ताचा रिपोर्टही. काका, तुमचं हृदय ठणठणीत आहे. हे पित्त.

टेलर: नुसतं पित्त?

शेजारीण: तोंड बघा कसं उतरलं. नापास झाल्यासारखं.

डॉक्टर: जेवणात काय होतं?

टेलर: तळलेले मासे. थोडेसे.

शेजारीण: माझ्या वाटणीचेसुद्धा यांनीच संपवले. आणि हात धुऊन लगेच वाकले, माझ्या पडद्यांचं माप घ्यायला.

डॉक्टर: वाकल्यावर जळजळ गळ्यापर्यंत आली? तोंडात आंबट पाणी?

टेलर: आलं. मला वाटलं, आटोपला आपला कारभार.

डॉक्टर: हृदयाचं दुखणं बहुतेकदा छातीवर कुणी बसल्यासारखं असतं. हातात, जबड्यात उतरतं. धाप लागते, घाम फुटतो.

टेलर: घाम फुटला होता की.

शेजारीण: तो टॅक्सीत फुटला. मला लग्नाचं विचारताना.

डॉक्टर: कशाचं विचारताना?

शेजारीण: म्हणाले, तुम्ही एकट्या, मी एकटा, मधे उगाच एक भिंत. वाचलो तर लग्न कराल का?

टेलर: डॉक्टर, मरायला टेकलेला माणूस काहीही बोलतो.

शेजारीण: अस्सं. म्हणजे बरळत होतात.

टेलर: तसं नव्हे हो. डॉक्टर, नाडी बघता का पुन्हा एकदा?

डॉक्टर: ती आता का पळतेय, ते मला न बघताच कळतंय. पण आलात ते उत्तम केलंत. पित्त की हृदय, हे घरी बसून मलाही ओळखता आलं नसतं. पुन्हा छातीत दुखलं तर असंच तडक यायचं. लाजायचं नाही.

शेजारीण: ऐकलंत ना? लाजायचं नाही.

टेलर: बरळलो नाही मी. केव्हापासून मनात होतं. पण तुमचे पडदे इतक्यांदा उसवतात कसे, एवढंही विचारायला कधी धजलो नाही.

शेजारीण: मीच उसवते. कात्रीने.

टेलर: माझी शिलाई?

शेजारीण: फार पक्की असते. बोटं दुखतात माझी.

डॉक्टर: मी जरा बाहेर थांबते.

टेलर: मग आता... तुमचं उत्तर?

शेजारीण: आधी शर्टाची बटणं लावा नीट. माझ्या ताईला ही बातमी द्यायला फोन लावतेय, आणि ती व्हिडिओवरच बोलते.