फादर येईपर्यंत

(बेल्ह्याजवळ मारियामातेची टेकडी. रविवार, सकाळचे साडेदहा. यात्रेच्या मंडपामागं चहाच्या पिंपाशी इंद्रायणी आणि तिचे सासरे कुंडलिक मास्तर.)

इंद्रायणी : ...आणि तुम्ही इथं कप विसळत बसलाय! मामा, मंडपात चारशे माणसं आहेत. सकाळी सहाला बाजारतळावरून चालत निघालीत.

कुंडलिक : मंग? चहा नको का त्यास्नी?

इंद्रायणी : दोनदा झाला चहा. आता प्रार्थना हवीय त्यांना.

कुंडलिक : फादर येतील की.

इंद्रायणी : फादर पेठच्या पुढं अडकलेत. हायवेवर कांद्याचा ट्रक आडवा झालाय. आत्ताच बोलले मी. दोन तास तरी हलत नाही म्हणाले.

कुंडलिक : मंग दोन तास थांबू.

इंद्रायणी : समोरचा बॅनर वाचा जरा. मोठ्यानं.

कुंडलिक : चष्मा न्हाई.

इंद्रायणी : कपाळावर आहे तुमच्या.

कुंडलिक : ...‘प्रापंचिकांची यात्रा’.

इंद्रायणी : प्रापंचिक म्हणजे कोण?

कुंडलिक : ज्यास्नी फादरवानी झगा न्हाई, घरदार हाय, लेकरंबाळं हायेत, ते. तुमी-आमी. मला शिकिवतीस व्हय?

इंद्रायणी : हो! आपण चर्चसाठी काय करतो, ते सांगायचा दिवस आहे आज. आणि सुरुवात कुणी करायची? फादरनी! ते नसले तर आपण सतरंजीवर बसून हायवे मोकळा व्हायची वाट बघायची. तीन महिने मीटिंगा घेतल्या मी, शाळा सांभाळून. डोकं फुटायची पाळी आलीय.

कुंडलिक : तूच म्हन की प्रार्थना. शाळंतली बाई हायेस.

इंद्रायणी : जपमाळ घेतली ना मी. एकदा नाही, दोनदा. आता वाचन, मग मृतांसाठी प्रार्थना. त्याला लोक तुम्हालाच शोधतायत. चाळीस वर्षं मिशनचे मास्तर होता तुम्ही. सायकलीवर वाड्यावस्त्या फिरून अर्ध्या मंडपाला तुम्हीच प्रार्थना शिकवल्यात.

कुंडलिक : व्हतो मास्तर. आता न्हाई.

इंद्रायणी : मिस्सा करा म्हणत नाहीये मी! तो वेदीवरचा विधी फादरच करतील आल्यावर. बाकीच्याला झगा लागत नाही, हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच ना?

कुंडलिक : इंदे, मला वर मंचावर न्हाई जायाचं.

इंद्रायणी : अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला.

कुंडलिक : समद्या लोकांम्होरं हातातलं पुस्तक काढून घेतलं त्या फादरनी. ‘मास्तर, खाली बसा, हे तुमचं काम नाही.’ माझ्या पोराच्या वयाचा मानूस. मी बसलो. बसलो तो बसलोच.

इंद्रायणी : त्यांची बदली झाली, त्यांच्यानंतर तीन आले. आत्ताचे फादर तर स्वतःच फोनवर म्हणाले, ‘मास्तरांना सांगा, सुरू करा.’

कुंडलिक : त्यांनी सांगितलं म्हनून करायचं? मंग आपला दिवस कसला त्यो?

इंद्रायणी : अरे देवा! सांगितलं नसतं तर तुम्हीच म्हणाला असतात, परवानगी कुठाय. आणि सांगितलं तर हे! कुठं नेऊन डोकं आपटू मी?

धोंडाबाई : मास्तर हायेत का हितं?

इंद्रायणी : या, धोंडामावशी. घोडेगावहून एस्टीनं आलात, वर टेकडी चढलात. पाय बघा केवढे सुजलेत. बसा.

धोंडाबाई : बसाया न्हाई आले. फादर न्हाईत म्हनं आज?

कुंडलिक : येतायत. वाटंत हायेत.

धोंडाबाई : ते यायच्या आत म्हनून तर आले. मेलेल्या मानसांची यादी कुनाकडं हाय?

इंद्रायणी : माझ्याकडं. चर्चच्या वहीतून उतरवून घेतलीय. का?

धोंडाबाई : तीत माझी मार्था नसंल.

इंद्रायणी : मार्था कोण?

धोंडाबाई : तुझ्या सासऱ्यालाच इचार.

कुंडलिक : लेक हिची. घोड नदीला पूर आला व्हता. पोर सातव्याच महिन्यात झाली, बघता बघता निळी पडाया लागली. फादर नदीपल्याड. मंग म्याच दिला बाप्तिस्मा.

धोंडाबाई : माझ्या म्हायेरची पितळी वाटी व्हती. तिच्यातल्या पान्यानं. दुपारी गेली पोर.

इंद्रायणी : आणि नोंद?

कुंडलिक : कागदावर लिहून दिली व्हती. नाव, तारीख, समदं. फादर म्हनले, वहीत चढवतो. म्होरल्या महिन्यात त्यांची बदली झाली. म्या परत इचाराया पायजे व्हतं. न्हाई इचारलं.

धोंडाबाई : त्रेचाळीस वर्सं झाली. दरसाल नोव्हेंबरात मेलेल्यांची नावं वाचत्यात, मी आपली कान देऊन बसती. एकदा एका फादरला बोलले बी. ते म्हनले, वहीत नाही तर वाचू कसं, आजी?

इंद्रायणी : मला का नाही सांगितलंत कधी?

धोंडाबाई : तू बी वहीतूनच उतरवतीस ना बाई. तवा झोपडीत मी, सासू आन ह्ये मास्तर. सासू गेली. आता इचारू कुनाला? मास्तर, त्यो बाप्तिस्मा खरा व्हता का?

कुंडलिक : खरा व्हता.

धोंडाबाई : लागू व्हतो?

कुंडलिक : फादरनी दिला असता, तेवढाच.

धोंडाबाई : मंग चहाच्या पिंपाला सांगून काय उपेग? तिकडं सांगा.

इंद्रायणी : मामा...

कुंडलिक : थांब गं! सकाळधरनं मामा, मामा. आन ती यादी हिकडं. पेन हाय?

इंद्रायणी : हे घ्या. शेवटी जागा आहे खाली.

कुंडलिक : खाली कशाला? तारखेपरमानं येतं नाव. हितं, दोघांच्या मधी बसंल.

धोंडाबाई : मार्था गोकुळ साळवे. बापाचं नाव बी लिवा.

कुंडलिक : लिवलं. पयल्यांदा बी लिवलं व्हतं. इंदे, फादरचा फोन आला तर काय सांगशील?

इंद्रायणी : सुरू केलंय, असं सांगेन.

कुंडलिक : आन कुनाला इचारून, म्हनले तर?

इंद्रायणी : तुम्ही आधी वर जा हो! लोक उठायला लागलेत!

कुंडलिक : जातो. बोंबलू नको.

इंद्रायणी : ...गेले बाई एकदाचे. ऐका, माइक लागला. मावशी, आधी वाचन आहे, मग नावं, आणि यादी लांबलचक आहे. तोवर टेका या खुर्चीवर.

धोंडाबाई : नगं. तिचं नाव येईस्तवर हुभी ऱ्हाते.