पंचेचाळीसची गिनती

शिवांजली : उदय, चौथ्यांदा सांगतेय, तुझ्यात काही कमी नाही.

उदयसिंह : अक्का, पंधरा वरसं फौजेत गिनती घेतोय मी. माणसाला शेहेचाळीस गुणसूत्रं पायजेत. माज्या रिपोर्टात पंचेचाळीस. साक्षीची पुरी हायत. मग कमी कोण? नवराच की.

शिवांजली : अरे, तुझी दोन एकमेकांना चिकटलीत. आपल्या गावी, कुंडलला, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या जोडतात, तेव्हा ऊस कमी होतो का?

उदयसिंह : मग तीन येळा पोर पोटातच का गेलं?

शिवांजली : मुलाला निम्मा माल द्यायचा असतो. ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की वाटणी चुकते. जास्त जातो, नाहीतर कमी. मग मूल टिकत नाही. पण दरवेळी चुकत नाही.

उदयसिंह : मंजी खोट माज्यातच.

शिवांजली : परत तेच. माझ्या वर्गात असतास तर बाहेर काढला असता. हा भिंतीवरचा तक्ता बघ. डावीकडं माणूस, उजवीकडं चिंपांझी. त्याची अठ्ठेचाळीस.

उदयसिंह : आता माकडापरीस बी कमी व्हय मी?

शिवांजली : आपण सगळेच. जनुकांचे नकाशे शेजारी ठेवून जुळवले, तेव्हा कळलं. त्याची ही दोन टोकाला टोक लावली की आपलं दोन नंबरचं गुणसूत्र होतं. सांध्याची खूण अजून आहे.

उदयसिंह : कवा जुडलं?

शिवांजली : लाखो वर्षं झाली. पहिल्यांदा कुणा एकाचंच जुडलं असणार. त्याचंही तुझ्यासारखं एक कमी भरलं असेल.

उदयसिंह : त्येला पोरं झाली?

शिवांजली : झाली, म्हणून तर मी तुझ्यापुढं डोकं फोडत बसलेय. तुम्हालाही होऊ शकतं. डॉक्टरांनी तेच सांगितलं ना?

उदयसिंह : सांगितलं. फकस्त आईला कळवू नगंस.

शिवांजली : का? आईनं चार वर्षं साक्षीला वांझोटी म्हटलं, बारशाला बसू दिलं नाही. तू सुट्टीवर येऊन सगळं ऐकत राहिलास. मला तुझी लाज वाटते, उदय.

उदयसिंह : हे आईकडनंच आलं आसंल तर?

शिवांजली : असेल. नाहीतर आबांकडनं. तरी तू झालासच की.

उदयसिंह : फोन दे हिकडं.

शिवांजली : घे.

उदयसिंह : साक्षी, मी बोलतोय. साताऱ्यातनं, अक्काच्या घरनं. आईला हाक मार, आन फोन स्पीकरवर टाक. न्हाई, तू आत जाऊ नगंस. तितंच बस.